अबोल्याची नोंद कुठल्या रजिस्टरात?

प्रति,
मा. आयुक्त, सुरत महानगरपालिका
मा. अध्यक्ष, नगर प्राथमिक शिक्षण समिती, सुरत

विषय: शाळेत मुलींकडून मुलींचा होणारा छळ आणि त्याची कुठेच न होणारी नोंद

महोदय,

‘मुलींची आपसांतली भांडणं आहेत, होतील शांत.’ आठवी-नववीतली मुलगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणून शाळा टाळायला लागते, आई एका दिवसाची मजुरी बुडवून चौकशीला जाते आणि हे वाक्य ऐकून परत येते. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा, गोडादरा इथल्या पालकांना ते नवं नाही. मुलाने मुलाचं डोकं फोडलं तर शाळेत धावपळ होते, दोन्हीकडच्या पालकांना बोलावणं जातं, कुठेतरी चार ओळी लिहिल्या जातात. मुलीला तिच्याच मैत्रिणींनी महिनोन्महिने एकटं पाडलं तर मात्र काही घडलंच नाही असं धरलं जातं. रक्त आलेलं नसतं, दप्तर फाटलेलं नसतं, साक्षीला कुणी उभं राहत नाही. माझी तक्रार या एकाच गोष्टीबद्दल आहे. हा छळ होतो हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो कुठेही लिहिला जात नाही. आणि लिहिलाच जात नसल्यामुळे तो थांबवणं हे कुणाचंच काम ठरत नाही.

हा छळ चालतो कसा, ते आधी स्पष्ट मांडते, कारण त्याचं रूप न ओळखल्यामुळेच तो नजरेतून सुटतो. वर्गात पाच-सहा मैत्रिणींचा गट असतो. त्यातल्या एकीशी बोलायचं नाही असं ठरतं. ठरवणारी एकच असते; बाकीच्या पाळतात, कारण न पाळणारीवर पुढची पाळी येणार हे त्यांना माहीत असतं. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन जवळ आली की बाकीच्या आपापले डबे झाकून उठतात. बाकावरची तिची जागा दप्तर ठेवून अडवली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा जुना ग्रुप थंड पडतो आणि तिला वगळून त्याच मुलींचा दुसरा सुरू होतो. विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट, वडिलांचं पिणं, मासिक पाळीतली फजिती, कुणा मुलाचं नाव, दुसऱ्या दिवशी वर्गभर फिरते. तिच्या गुजरातीतला खानदेशी हेल काढून दाखवला जातो. घरी साड्यांना खडे चिकटवून गोंदाने खरखरीत झालेली तिची बोटं ओढून सगळ्यांना दाखवली जातात. बाई वर्गात आल्या की सगळं जागच्या जागी असतं. ‘त्या माझ्याशी बोलत नाहीत’ हे मोठ्या माणसासमोर सांगायचीच चौदा वर्षांच्या मुलीला लाज वाटते, आणि सांगितलं तरी ‘मग दुसरी मैत्रीण कर’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. पण इथे मैत्रीच हत्यार म्हणून वापरली जाते. जिथे ती दुखावली जाते तिथेच तिला परत जायचं असतं, म्हणून ती सोसते, न केलेल्या चुकांची माफी मागते आणि घरी विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणते.

ही एखाद्या हळव्या आईची समजूत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात किर्स्टी लागरस्पेट्झ, काय ब्यर्कक्विस्ट आणि तार्या पेल्टोनेन यांनी 11-12 वर्षांच्या मुलामुलींचा अभ्यास करून 1988 साली दाखवून दिलं, की मुली रागाच्या भरात हात उचलण्यापेक्षा गटातून काढणं, कुजबुज पसरवणं, मैत्री तोडणं हे मार्ग जास्त वापरतात. अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी 1995 साली तिसरी ते सहावीच्या 491 मुलांची पाहणी करून नात्यांमधून होणारी ही हिंसा मोजण्याची पद्धत बसवली. 144 देशांतली माहिती एकत्र करून युनेस्कोने 2019 साली जो अहवाल काढला, त्यानुसार जवळपास दर तिसऱ्या विद्यार्थ्याला मागच्या महिन्यात किमान एकदा तरी सोबत्यांकडून छळ सोसावा लागला होता. मारहाण मुलांच्या वाट्याला जास्त, मानसिक छळ मुलींच्या वाट्याला जास्त. वारंवार छळल्या गेलेल्या मुलांमध्ये आपण शाळेत परके आहोत असं वाटण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट आणि शाळा बुडवण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं. यावरून ‘बाईच बाईची वैरी’ असा निष्कर्ष काढून मोकळं होणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा देते. 148 अभ्यास आणि सुमारे 74 हजार मुलं यांची एकत्रित छाननी 2008 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असं दिसलं, की अशा आडून केलेल्या छळात मुलं आणि मुली यांच्यातला फरक नगण्य आहे. मुली स्वभावाने अधिक दुष्ट नाहीत. मुलांना राग काढायला मैदान, धक्काबुक्की, आरडाओरडा सगळं मोकळं असतं. मुलगी ओरडली की तिला वळण नाही असं म्हटलं जातं. तिच्या रागाला बाहेर पडायला आपण जी एक वाट ठेवली आहे, तिथूनच तो बाहेर पडतो.

सुरतमध्ये या गोष्टीला अधिक धार आहे, आणि ती का आहे हे आपल्याला माझ्याहून चांगलं माहीत असायला हवं. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 44 लाख 67 हजार होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या 756. यंत्रमागावर, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, हिऱ्यांच्या घंटीवर काम करायला आलेल्या पुरुषांचं हे शहर आहे. त्यात वाढणाऱ्या मुलीला गल्लीत खेळायला जागा नाही आणि संध्याकाळी तिला बाहेर सोडायला घरचे धजत नाहीत. आत्या, मावश्या, चुलत-मामेबहिणी राहिल्या जळगाव, धुळे, नंदुरबारला. आपल्या वयाच्या मुली तिला भेटतात त्या फक्त शाळेत. गावाकडच्या मुलीला वर्गातल्या मैत्रिणींनी टाकलं तर वाड्यातल्या, भावकीतल्या चार जणी उरतात. लिंबायतच्या मुलीला कुणीही उरत नाही. त्यातच शिक्षण समितीची शाळा आठवीला संपते आणि नववीत महानगरपालिकेचं सुमन हायस्कूल किंवा खाजगी शाळा गाठावी लागते. ऐन वयात जुने गट मोडतात, नवे जुळतात, आणि कोण आत, कोण बाहेर याची झटापट सुरू होते. याच टप्प्यावर गुजरातची गळती मोठी आहे. 2021-22 च्या सरकारी आकडेवारीत माध्यमिक स्तरावर देशातली गळती 12.6 टक्के, तर गुजरातची जवळपास 18 टक्के होती. पैसे, घरकाम, अंतर, लग्न अशी तिची अनेक कारणं आहेत. त्यात छळाचा वाटा किती, हे आज कुणीही सांगू शकणार नाही, कारण दाखला काढताना ते कारण लिहिलंच जात नाही. मुलगीही ते घरी बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गुजरातमधल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. अशा राज्यात ‘शाळेत त्रास होतो’ असं सांगणाऱ्या मुलीला उत्तर मिळण्याची शक्यता असते ती ‘मग नको जाऊस शाळेत’ हेच. त्रास सोसायचा की शिक्षण सोडायचं, अशा पेचात सापडलेली मुलगी गप्प बसते, आणि शाळा त्या गप्प बसण्यालाच सगळं सुरळीत असल्याचा पुरावा मानते.

‘मोठ्या झाल्या की विसरतात’ हा पहिला आक्षेप नेहमी येतो. तो तपासून झालेला आहे. ब्रिटनमध्ये 1958 साली जन्मलेल्या 7,771 मुलांची सात आणि अकरा वर्षांची असताना छळाबाबत नोंद घेतली होती. पन्नाशीत त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये नैराश्य अधिक आणि माणसांशी असलेले संबंध तुटपुंजे आढळले. ज्या समाजातून आम्ही सुरतला आलो, त्या समाजाला वाळीत टाकण्याचे परिणाम ठाऊक आहेत. जातपंचायतींनी कुटुंबांशी बोलणं-चालणं, रोटी-बेटी बंद करण्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा केला, 2017 मध्ये तो अमलात आला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. एक बोट न लावता, नुसतं बोलणं बंद करून माणूस उद्ध्वस्त करता येतो हे तिथे विधिमंडळाने मान्य केलं. शाळकरी मुलींना कायद्याच्या कचाट्यात घ्या असं मी चुकूनही म्हणत नाही. प्रौढ माणसाला जे सोसवत नाही ते तेरा वर्षांच्या मुलीने निमूट सोसावं, ही अपेक्षा कशाच्या आधारावर ठेवली जाते, एवढंच विचारते आहे.

आता कायद्याबद्दल. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मानसिक छळाला मनाई करतं, पण शिक्षा सांगतं ती सेवाशर्तींनुसार, म्हणजे त्याचा हात शिक्षक-कर्मचाऱ्यांपर्यंतच पोहोचतो. कलम 29 मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवायला सांगतं. कलम 32 प्रमाणे लेखी तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो. या शहरात ते प्राधिकरण म्हणजे आपली महानगरपालिका. पण हा कायदा चौदाव्या वर्षी आणि आठवीला थांबतो. जिथे छळ वाढतो तिथे कायद्याचं छत्र संपतं. सीबीएसईने मार्च 2015 मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं, मात्र आपल्या शाळा त्या मंडळाच्या नाहीत. या सगळ्या पळवाटा 25 जुलै 2025 रोजी बंद झाल्या. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांना 15 निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता. सर्व शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय यंत्रणा आणि अंतर्गत समिती. स्वतंत्र कायदा होईपर्यंत हे बंधनकारक आहे. म्हणून जाहीर विचारते. समितीच्या किती शाळांत आणि किती सुमन हायस्कूलांत असा माणूस नेमलेला आहे? त्यातल्या किती जणांना मराठी, ओडिया, उर्दू किंवा तेलुगू येतं? सात माध्यमांत शाळा चालवणाऱ्या शहरात मुलीची भाषाच न कळणारा समुपदेशक नेमला तर ती नेमणूक कागदावरच राहणार. अंतर्गत समित्या किती, आणि त्यांच्याकडे मागच्या वर्षभरात मुलींनी मुलींविरुद्ध केलेल्या तक्रारी किती? हे आकडे तयार असतील तर उद्याच प्रसिद्ध करता येतील. तयार नसतील, तर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आपल्या शाळांच्या फाटकाबाहेर अडकला आहे, असंच आम्हाला समजावं लागेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत. कारणांच्या यादीत परीक्षेतलं अपयश हा रकाना आहे. शाळेतला छळ हा रकाना नाही. गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात राज्यभरातल्या मुलांची हजेरी ऑनलाइन गोळा होते. कोणती मुलगी किती दिवस गैरहजर, हे तिथल्या पडद्यावर दिसू शकतं. का गैरहजर, हे विचारायला एवढ्या मोठ्या यंत्रणेत कुणी आहे का?

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हा आक्षेप मी मान्य करते. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून ज्यांना शिकवायला वेळ काढावा लागतो, त्यांच्यावर आणखी एक काम टाकून उपयोग नाही. याचा पुरावाही देशातच आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा उपक्रम केला आणि त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये लॅन्सेटमध्ये आले. काही शाळांत हा उपक्रम प्रशिक्षण दिलेल्या स्वतंत्र कार्यकर्त्याने चालवला, काही शाळांत तोच उपक्रम शिक्षकांनी चालवला, काही शाळा तुलनेसाठी तशाच ठेवल्या. मुलांना मनातलं लिहून टाकायला पेटी, भित्तिपत्रक, महिन्याचा एक विषय, गरज असेल त्याला एकट्याने बोलण्याची सोय असं त्याचं साधं स्वरूप होतं. वर्षाच्या शेवटी स्वतंत्र कार्यकर्ता असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, छळ, हिंसा आणि नैराश्य कमी झालं. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत काहीही फरक पडला नाही. पैशांचा आक्षेपही इथेच निकालात निघतो. नालंदाच्या सरकारी शाळांत जे करून दाखवता आलं, ते वर्षाला आठ हजार कोटींहून मोठं अंदाजपत्रक मांडणाऱ्या सुरत महानगरपालिकेला परवडत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

हा माणूस नेमून काय साधायचं तेही सांगते, कारण शिक्षा हा यावरचा उपाय नाही. ‘त्रास देणारीच्या हातात एलसी ठेवा’ अशी मागणी रागावलेले पालक करतात. तसं केलं तर एका मुलीचं शिक्षण वाचवताना दुसरीचं बुडेल, आणि गट पुढारी बदलून तसाच चालू राहील. मोबाइलवर बंदी हाही अर्धवट इलाज आहे. डॅन ओल्वेयस यांनी नॉर्वे-स्वीडनमध्ये शाळांतल्या छळाचा अभ्यास 1970 च्या दशकात सुरू केला, तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. काम करायचं ते बघणाऱ्या मुलींवर. कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये मैदानावरच्या 306 घटनांचं चित्रण तपासलं गेलं. त्यांपैकी 88 टक्के वेळा इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त 19 टक्के वेळा. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडने याच धाग्यावर ‘कीवा’ हा कार्यक्रम बांधला, 78 शाळांतल्या आठ हजारांवर मुलांमध्ये तपासला आणि 2009 पासून देशभर नेला. आणखी एका अभ्यासात, 1999 साली, दिसलं की जिला किंवा ज्याला एक तरी पक्का जोडीदार आहे, त्याचा छळ पुढे वाढत जात नाही. एक मैत्रीण पुरते. वर्गातल्या पन्नास जणींनी जवळ करावं लागत नाही. आपल्याकडची अडचण अशी, की एनसीईआरटीने 2022 मध्ये 3,79,842 विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा 33 टक्क्यांनी आपण बहुतेक वेळा सोबत्यांच्या दबावाप्रमाणे वागतो असं सांगितलं. म्हणजे तीनातली एक मुलगी मनातून नको असतानाही डबा झाकून उठते. तिला उठायचं नसतं, पण तसं बसून राहायला कुणीतरी पाठीशी असावं लागतं. ते बळ देणं हे शाळेचं काम आहे, आणि गणित-विज्ञानाइतकंच ते शिकवून येतं.

शाळेचं नाव खराब होईल, ही शेवटची भीती. ज्या शाळेच्या रजिस्टरात वर्षभरात छळाची एकही तक्रार नाही, ती शाळा उत्तम, असं आज मानलं जातं. हे उलटं करायला हवं. या शहराने एकदा ते करून दाखवलं आहे. 1994 च्या प्लेगनंतर सुरत बदललं ते आजार लपवून नाही. अधिकारी रोज सकाळी वॉर्डात उतरायला लागले, तापाच्या रुग्णांची आणि कचऱ्याची नोंद रोज व्हायला लागली, आणि त्याच शिस्तीने हे शहर 2023 च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिलं आलं. गल्लीतल्या डबक्याची नोंद ठेवणाऱ्या महानगरपालिकेला वर्गातल्या मुलीचं एकटं पडणं नोंदवता येत नाही, हे मी मानायला तयार नाही. ते नोंदवायचं ठरवलेलं नाही, एवढंच खरं आहे.

म्हणून मागण्या मोजक्या आणि तपासता येण्याजोग्या ठेवते. समितीच्या आणि सुमनच्या प्रत्येक शाळेत छळाच्या तक्रारींचं वेगळं रजिस्टर असावं, आणि बहिष्कार, बदनामी, ग्रुपमधून वगळणं हे त्यात स्वतंत्र प्रकार म्हणून छापलेले असावेत. तक्रार करणारीचं नाव गोपनीय राहावं, पण प्रत्येक शाळेचा आकडा दर सत्राच्या शेवटी प्रसिद्ध व्हावा. सलग गैरहजर राहणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी माणूस जावा आणि कारण लिहून आणावं. न्यायालयाने सांगितलेला समुपदेशक प्रत्येक शाळेत मुलीच्या भाषेत बोलणारा असावा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. दर बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर असावा, म्हणजे आयांना मजुरी बुडवून एकटीने शाळेचा उंबरठा झिजवावा लागणार नाही.

यातली एकही मागणी नव्या कायद्याची वाट पाहत नाही. आयुक्तांच्या एका परिपत्रकाने सगळ्या सुरू होतात. कलम 32 आपल्याला तक्रारीच्या निकालासाठी तीन महिने देतं, तेवढीच मुदत या पत्राला लावा. त्यानंतर आम्ही माहितीच्या अधिकारात शाळावार हेच प्रश्न विचारू, आणि जिथे उत्तर मिळणार नाही तिथून राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाऊ. तक्रार नाही म्हणून त्रास नाही, हे उत्तर आता कुणाकडूनही ऐकून घेतलं जाणार नाही.

आपली,
लिंबायतमधील एक मराठी नागरिक
सुरत